बालकांची निद्रा आणि थोरांची सोय

मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा झोपेत घालवितो, आणि शैशवात तर जागेपणापेक्षा झोपेचाच वाटा मोठा असतो. असे असूनही इतिहासाच्या ग्रंथांत झोपेस फारशी जागा मिळालेली नाही. राजा केव्हा उठला आणि कोणत्या स्वारीवर निघाला हे बखरकार लिहितो. तो केव्हा निजला हे लिहिण्याचे त्यास कारण पडत नाही. मग पाळण्यातल्या पोराच्या झोपेची दप्तरी नोंद कोण ठेवणार? परंतु शोधू लागले म्हणजे ही नोंद अगदीच नाही असे नाही. ती वैद्यकाच्या संहितांत आहे, कायद्यांच्या कलमांत आहे, औषधांच्या जाहिरातींत आहे, गिरण्यांच्या चौकशीच्या अहवालांत आहे, आणि आयांसाठी लिहिलेल्या बोधपर पुस्तकांत तर ती ओसंडून वाहत आहे. ही सामग्री एकत्र वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. मुलाने केव्हा, कोठे, कसे आणि किती झोपावे याविषयी प्रत्येक काळाने मोठ्या आत्मविश्वासाने नियम घालून दिले. परंतु त्या नियमांत मुलाच्या प्रकृतीपेक्षा थोरांच्या सोयीचे, त्यांच्या धंद्याचे आणि त्यांच्या लाडक्या मतांचेच प्रतिबिंब अधिक स्पष्ट दिसते. हा केवळ विनोदाचा विषय असता तर आम्ही त्यावर लेखणी उचलली नसती. या सोयीपायी व या मतांपायी हजारो बालके प्राणास मुकली आहेत, म्हणूनच या विषयाचा इतिहास सुशिक्षित कुटुंबांनी समजून घेणे अवश्य आहे.

आरंभ आपल्या जुन्या वैद्यकापासून करू. चरकाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत, आणि रात्री स्वभावतः येणाऱ्या झोपेस त्याने ‘भूतधात्री’ असे नाव दिले आहे. धात्री म्हणजे दाई. प्राणिमात्रास अंगाखांद्यावर घेऊन वाढविणारी. झोपेचे याहून समर्पक नाव आम्हांस तरी ठाऊक नाही. सुश्रुताने बालसंगोपनाच्या प्रकरणात सांगितले आहे की, मुलास दरडावू नये आणि निजलेले असता एकाएकी जागे करू नये, कारण ते दचकते. चरक त्याच्याही पुढे जातो. मूल रडू लागले किंवा जेवीनासे झाले म्हणजे राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्यास भेडसावू नये, असे त्याने स्पष्ट बजाविले आहे. ज्या घरांत आजही ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ हा मंत्र चालतो, त्या घरांतील मंडळींनी आपण कोणाच्या आज्ञेविरुद्ध वागतो याचा क्षणभर विचार करावा. या जुन्या वचनांत आम्हांस विशेष वाटते ते हे की, त्यांत तासांचा हिशेब नाही, शिस्तीचा अभिमान नाही. मुलाकडे पाहून जे दिसले ते लिहिले आहे.

युरोपातही असे निरीक्षण करणारी माणसे होती. सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार माँतेन्य याच्या बापाने, मुलास सकाळी धसक्याने जागे केल्यास त्याच्या कोवळ्या मेंदूस इजा पोचते अशा समजुतीने, त्यास वाद्याच्या सुरांनी उठविण्याची व्यवस्था केली होती. इंग्लंडांत जॉन लॉक याने १६९३ साली शिक्षणावरील आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. लॉक हा वैद्यकही शिकलेला होता, आणि मुलांना कणखर करण्याच्या बाबतीत तो चांगलाच कडक होता: थंड पाण्याने पाय धुवावे, बिछाना कठीण असावा, पोशाख उबदार नसावा असे त्याचे मत. परंतु झोपेपुरता त्याने आपला कडकपणा बाजूस ठेविला. लहानपणी मुलास पोटभर झोपू द्यावे. पुढे सात ते चौदा या वर्षांच्या दरम्यान हळूहळू कमी करीत ती आठ तासांवर आणावी. लवकर उठण्याची सवय लावावी, पण उठविताना हळुवारपणे उठवावे, असा त्याचा उपदेश आहे. सुश्रुत आणि लॉक यांच्या मध्ये एवढा काळ आणि एवढे समुद्र असूनही दोघे एकच गोष्ट सांगतात, कारण दोघांनी निजलेले मूल पाहिले होते.

परंतु ज्यांच्यासाठी लॉकने लिहिले ते सधन गृहस्थ होते. ज्या घरांत एकच खोली, एकच बिछाना आणि पाच-सहा माणसे, तेथे मुलाच्या झोपेचा प्रश्न निराळाच होता. आईच्या कुशीत निजलेले मूल तिच्या अंगाखाली चेंगरण्याची भीती फार पुरातन आहे. बायबलातील सालोमन राजाच्या न्यायाची प्रसिद्ध कथा अशाच एका मृत्यूपासून सुरू होते. इटलीतील फ्लॉरेन्स येथे या भयावर तोडगा म्हणून एक लाकडी कमानदार सांगाडा वापरीत. त्याच्याखाली मूल ठेवले म्हणजे आईस त्याला पाजता येई, पण कूस बदलताना तिचे अंग त्यावर पडत नसे. इंग्लंडांत १९०८ साली बालकांविषयी जो कायदा झाला त्यात, दारू पिऊन निजलेल्या मोठ्या माणसाच्या शेजारी तीन वर्षांच्या आतील मूल गुदमरून मेल्यास तो त्या माणसाचा अपराध गणला. अशा मृत्यूंपैकी काही तरी आज ज्यास ‘आकस्मिक शिशुमृत्यू’ म्हणतात त्या प्रकारचे असावेत, असे आता मानले जाते. म्हणजे कित्येक मातांनी निष्कारण स्वतःस पापिणी समजून जन्म कंठला असेल! झोपेच्या इतिहासातील दुःखे ही अशी मुकी असतात.

यानंतर जी गोष्ट आली ती मात्र मुकी नाही. तिची जाहिरात झाली, तिच्या बाटल्यांवर सुंदर चित्रे छापली गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत यंत्रयुग सुरू झाले आणि आई गिरणीत गेली. घरी राहिलेले तान्हे मूल म्हाताऱ्या शेजारणीकडे किंवा दुसऱ्या एखाद्या लहान पोरीकडे सोपविले जाई. सांभाळणारीकडे मुले अनेक, आणि दूध थोडे. तेव्हा मुलांनी निजून राहावे हेच सर्वांच्या सोयीचे. या सोयीस ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे औषध धावून आले. काकवीच्या पाकात अफू घातलेली, असे त्याचे स्वरूप होते. ते मँचेस्टर, नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री इत्यादी शहरांत किराणा दुकानांतून मीठ-साखरेसारखे विकले जाई. एंगल्सने इंग्लंडातील कामकरीवर्गाविषयी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या औषधाचा नामनिर्देश केला आहे. १८६४ साली डॉ. हंटर यांनी शेतीप्रधान जिल्ह्यांतील बालमृत्यूंची चौकशी केली, तेव्हा जेथे बायका टोळ्यांनी शेतकामास जात तेथेही हाच प्रकार आढळला. अफूने मूल निजते, आणि निजलेले मूल भुकेचे रडत नाही. ते रडत नाही म्हणून त्यास कोणी पाजीत नाही. असे करता करता ते सुकत जाते. विषाने एकदम मरणाऱ्या मुलांपेक्षा अशा उपाशी निद्रेने मेलेली मुले कितीतरी अधिक असली पाहिजेत. १८६८ च्या कायद्याने अफूची विक्री औषधविक्यांच्या हाती दिली. परंतु पेटंट औषधे त्यातून सुटली, आणि कॉर्डियलच्या बाटल्या विकल्या जातच राहिल्या.

अमेरिकेने यावर ताण केली. मेन संस्थानातील बँगॉर गावी १८४९ च्या सुमारास ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ बाजारात आले. दात येताना होणाऱ्या त्रासावर ते रामबाण म्हणून सांगत, आणि त्यात मॉर्फीन होते. हसरी आई, गुबगुबीत मूल, अशी चित्रे असलेली पंचांगे व कार्डे कंपनी फुकट वाटी. औषधात काय आहे हे बाटलीवर लिहिण्याची सक्ती १९०६ च्या कायद्याने झाली, आणि १९११ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व अशा औषधांची ‘बालघातक’ म्हणून उघडपणे गणना केली. म्हणजे साठ वर्षे हे औषध मुलांच्या पोटात गेले. वाचकांनी लक्षात घ्यावे की, ते देणाऱ्या आया निर्दय नव्हत्या. त्या दमलेल्या होत्या, आणि छापील कागदावर त्यांचा विश्वास होता.

हे सारे परदेशचे पाप म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस नाही. मुंबईस १८५४ साली पहिली कापडगिरणी निघाली, आणि पुढे परळ-लालबागच्या चाळींत मँचेस्टरचीच कथा मराठीत घडली. कोकणातून व घाटावरून आलेल्या बायका पहाटेच्या भोंग्यास कामावर जात, आणि जाण्यापूर्वी तान्ह्याच्या तोंडात ‘बाळागोळी’ घालीत. तिच्यात अफू असे. मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल १९२२ साली लेबर गॅझेटात प्रसिद्ध झाला. त्यात कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते असे नमूद आहे. शेकडा ९८! याचा अर्थ एवढाच की, ही एखाद्या अडाणी आईची चूक नव्हती. ती त्या धंद्याची रचनाच होती. ज्या यंत्रावर आई उभी होती त्याच यंत्राचा एक भाग म्हणून ते मूल झोपविले जात होते. यावर खरा उपाय उपदेशाने झाला नाही, पाळणाघराने झाला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे मुलांसाठी खोली ठेवणे मालकावर बंधनकारक केले. आईला मूल जवळ ठेवता येऊ लागले म्हणजे गोळीची गरज उरत नाही, हा साधा न्याय कळण्यास आपल्याला गिरण्या निघाल्यापासून सुमारे शंभर वर्षे लागली.

आणि तो मोह आजही संपलेला नाही. बाटली बदलली एवढेच. सर्दीखोकल्याच्या ज्या औषधांनी गुंगी येते ती ‘मूल शांत निजावे’ म्हणून देण्याची चाल सुशिक्षित घरांतही आढळते. दोन वर्षांच्या आतील मुलांस अशी औषधे देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यास २००८ साली द्यावा लागला. घरगुती गुटीत जायफळाचे वेढे वाढविण्याचा मोहही याच जातीचा होय. ज्या झोपेसाठी औषध लागते ती झोप कोणास हवी आहे, मुलास की आपल्यास, हा प्रश्न वेढा उगाळण्यापूर्वी स्वतःस विचारावा.

अफूचे युग मावळू लागले त्याच सुमारास घड्याळाचे युग उगवले. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ साली मुलांच्या आहार-संगोपनावर प्रश्नोत्तररूप एक लहानसे पुस्तक लिहिले. ते मुळात दायांच्या शिक्षणासाठी होते, पण अमेरिकेतील मध्यम वर्गाने त्यास धर्मग्रंथाची योग्यता दिली. मुलास झुलवून निजवू नये. सवयीने किंवा हट्टाने रडत असेल तर रडू द्यावे, मग त्यास तास लागो की दोन-तीन तास. पाजण्याच्या व निजण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, असा त्याचा एकंदर कल होता. अमेरिकन सरकारच्या बालक-खात्याने १९१४ साली काढलेल्या पुस्तिकेतही हाच सूर आहे. आणि ती पुढे लक्षावधी घरांत गेली. न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रूबी किंग यांनी १९०७ साली डुनेडिन येथे प्लंकेट सोसायटी स्थापन केली. हे गृहस्थ वेड्यांच्या इस्पितळाचे अधीक्षक होते, आणि तेथील शेतावर वासरांच्या खुराकाचे प्रयोग करता करता त्यांचे लक्ष मानवी अर्भकांकडे वळले. दर चार तासांनी पाजणे, रात्री मुळीच न पाजणे, मोकळ्या हवेत निजविणे आणि उगाच कवटाळीत न बसणे, हे त्यांच्या पंथाचे आचार. या परंपरेचा कळस मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांच्या १९२८ सालच्या पुस्तकाने केला. मुलांना मिठी मारू नये, मांडीवर घेऊ नये. फारच वाटल्यास रात्री निजताना कपाळाचे एक चुंबन घ्यावे आणि सकाळी हस्तांदोलन करावे, असे त्यांनी लिहिले. उतारवयात वॉटसनना या पुस्तकाबद्दल खेद वाटला, पण तोवर एक पिढी हस्तांदोलन करून मोठी झाली होती.

या मंडळींना केवळ हसून चालणार नाही. त्या काळी दुधातील घाणीने व हगवणीने मुले माशांसारखी मरत. स्वच्छता, उकळलेले दूध, मोकळी हवा आणि नियमितपणा यांचा आग्रह धरून होल्ट व किंग यांनी असंख्य मुले वाचविली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांची चूक निराळीच होती. बाटली निर्जंतुक करण्याच्या बाबतीत जी खात्री त्यांना प्रयोगाने आली होती, तीच खात्री त्यांनी झोपेच्या बाबतीत प्रयोगावाचून उसनी घेतली. एका विषयातील अधिकार मनुष्य न कळत दुसऱ्या विषयात कसा वापरू लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. शिवाय ज्या समाजात कारखाना, शाळा, आगगाडी व कचेरी ही सर्व घड्याळावर चालू लागली होती, त्या समाजास घड्याळाप्रमाणे झोपणारे मूल हे आदर्श मूल वाटावे यात नवल नाही.

या कडकपणाविरुद्ध प्रतिक्रिया व्हावयाचीच होती. १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे पुस्तक निघाले. आयांनी स्वतःवर विश्वास ठेवावा, मुलास प्रेमाने वागवावे, असे त्याचे सांगणे. आणि १९९८ साली स्पॉक वारले तोवर त्याच्या पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या होत्या. इतका दयाळू व लोकप्रिय उपदेशक क्वचितच झाला असेल. परंतु येथेच आमच्या कथानकातील सर्वांत दारुण प्रसंग येतो. पुस्तकाच्या १९५० नंतरच्या आवृत्त्यांत स्पॉक यांनी, मुलास पालथे निजवावे असा सल्ला दिला. उताणे निजलेल्या मुलास ओकारी झाली तर ते गुदमरेल, हे त्यांचे कारण. कारण ऐकावयास किती पटण्यासारखे आहे! इतर अनेक तज्ज्ञांचेही तेच मत होते. इस्पितळांत मुले पालथी निजविली जाऊ लागली आणि ते पाहून आया घरी तसेच करू लागल्या. हॉलंडात १९७० नंतर ही चाल पसरली, आणि तिच्या पाठोपाठ पाळण्यात निजलेली निरोगी मुले सकाळी मेलेली आढळण्याचे प्रमाण वाढत गेले.

पुरावा कोणाजवळच नव्हता असे नाही. हाँगकाँगमध्ये मुलांना उताणे निजविण्याची चाल असून तेथे असे मृत्यू विरळ असल्याचे १९८५ साली एका डॉक्टराने दाखवून दिले. पुढे ब्रिस्टलचे डॉ. पीटर फ्लेमिंग आणि न्यूझीलंडचे डॉ. मिचेल यांनी मृत बालके व जिवंत बालके यांची पद्धतशीर तुलना केली, आणि पालथे निजविणे हेच मोठे कारण असल्याचे निर्विवाद ठरले. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस मुलास उताणे निजविण्याची देशव्यापी मोहीम निघाली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ साली सल्ला बदलला व १९९४ साली मोहीम सुरू केली. दोन्हीकडे थोड्याच वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही. मूल उलटे ठेवीत होतो ते सुलटे ठेवले, एवढेच. २००५ साली काही संशोधकांनी जुने सर्व निबंध चाळून असा निष्कर्ष काढला की, उपलब्ध पुराव्याची नीट मांडणी केली असती तर ही गोष्ट १९७० सालीच कळली असती. आणि तसे झाले असते तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, व युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशिया मिळून निदान पन्नास हजार मुले वाचली असती.

अफूच्या बाटलीमागे लोभ होता, असे म्हणून आपण मनाचे समाधान करू शकतो. येथे लोभ नव्हता, आळस नव्हता, क्रौर्य तर नव्हतेच. येथे होता तो केवळ एक पटण्यासारखा तर्क आणि तो मोजून पाहण्याची झालेली हयगय. म्हणूनच ही कथा अधिक बोधप्रद आहे. सद्हेतू हा निरीक्षणाच्या जागी बसवता येत नाही.

सुदैवाने याच शतकात निजलेल्या मुलाकडे नुसते पाहत बसणारी काही माणसेही निपजली, आणि झोपेविषयी आज आपणांस जे खरे ज्ञान आहे ते त्यांच्याच धिमेपणाचे फळ होय. शिकागो येथे युजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी निजलेल्या तान्ह्या मुलांच्या डोळ्यांची हालचाल तासन्‌तास न्याहाळीत असे. पुढे त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलास यंत्र लावून पाहिले. त्यातून, झोपेत डोळे जलद हलण्याचे ठराविक काळ असतात व त्या काळांचा स्वप्नांशी संबंध असतो, हा शोध त्याने आपले गुरू क्लाइटमन यांच्याबरोबर १९५३ साली जाहीर केला. १९६६ साली असे दिसून आले की, नवजात मुलाच्या झोपेपैकी जवळजवळ निम्मी या प्रकारची असते. अशा झोपेत मूल कण्हते, हसते, हातपाय हलविते. ते जागे झाले असे समजून लगेच उचलणे म्हणजे निजलेल्यास जागे करणे होय. तान्ह्याच्या झोपेचे एक आवर्तन तासाभराच्या आतबाहेर संपते, मोठ्यांचे सुमारे दीड तासाने. दिवस-रात्रीचा भेद तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू उमजू लागतो. पहिल्या महिन्यातच मूल रात्रभर निजावे अशी अपेक्षा करणारा मनुष्य मुलाशी नव्हे, निसर्गाशी भांडत असतो.

१९७० नंतर डॉ. थॉमस अँडर्स यांनी रात्रभर मुलांचे चित्रण करून आणखी एक मौजेची गोष्ट उघडकीस आणली. ‘आमचे बाळ रात्रभर निजते’ असे ज्या आया अभिमानाने सांगत, त्यांची बाळेही रात्री जागी होत; फक्त ती रडून कोणास न बोलाविता पुन्हा निजत. म्हणजे चांगले निजणारे व वाईट निजणारे असा भेद नसून, हाक मारणारे व हाक न मारणारे असा तो भेद होता. वर्षानुवर्षे ज्या गुणदोषावरून मुलांना शहाणे किंवा हट्टी ठरविले गेले, तो गुणदोष बव्हंशी आपल्या ऐकण्याचा होता!

झोपेच्या नेहमीच्या तक्रारींचेही असेच आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरात, गाढ झोपेतून मूल किंचाळत उठते, डोळे उघडे असून कोणास ओळखत नाही, आणि सकाळी त्यास काहीच आठवत नाही. घरात दृष्ट काढण्याची तयारी होते. हा गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचा प्रकार असून, मुलास हलवून जागे न करता इजा होणार नाही एवढे पाहिले म्हणजे पुरते. वयाबरोबर तो जातो. झोपेत चालणेही त्याच जातीचे. उत्तररात्री येणारे दुःस्वप्न निराळे. ते मुलास आठवते, आणि तेव्हा त्यास जवळ घेणे हेच औषध. पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा पंधराच्या आसपास मुले अंथरूण ओले करतात, त्यास शिक्षा करणे व्यर्थ आणि अन्यायाचे आहे. घोरण्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. १८८९ साली लंडनच्या डॉ. विल्यम हिल यांनी लिहिले होते की, शाळेतील काही मंद समजली जाणारी मुले वस्तुतः नाकाने श्वास घेऊ न शकणारी, रात्री घोरणारी मुले असतात. त्यांच्या लिहिण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७६ साली डॉ. गिलमिनो यांनी मुलांत झोपेत श्वास अडखळण्याचा विकार सविस्तर वर्णन केला, तेव्हा कोठे हे मान्य झाले. मध्यंतरीच्या सत्त्याऐंशी वर्षांत किती मुलांनी, त्यांच्या टॉन्सिलचा अपराध म्हणून, ‘ढ’ ही पदवी व मास्तरांच्या छड्या खाल्ल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

रडू द्यावे की उचलावे, हा होल्टच्या वेळचा वाद अजून चालूच आहे. १९८५ साली बॉस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांनी मधला मार्ग सांगितला: मुलास जागेपणीच बिछान्यात ठेवावे, आणि रडल्यास थोड्या थोड्या वाढत्या अंतराने जाऊन धीर द्यावा. यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ कागद खर्ची पडला. मेलबर्न येथे अशा उपायांनी झोपविलेल्या मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासले, तेव्हा ना अपाय आढळला ना चिरस्थायी उपाय. त्यांत आणि इतर मुलांत भेदच दिसला नाही. आम्हांस हा निकाल मोठा आश्वासक वाटतो. सहा महिन्यांपुढील निरोगी मुलाच्या बाबतीत प्रेमळ आईबापांनी यांपैकी कोणताही मार्ग धरला तरी आकाश कोसळत नाही. आणि जेथे आकाश कोसळत नाही तेथे शास्त्राच्या नावाने आयांना धाकात ठेवण्याचे कारण नाही.

शेवटी तासांचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेले प्रमाण असे: तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७ तास, पुढे वर्षाच्या आत १२ ते १६, एक-दोन वर्षांस ११ ते १४, तीन-चार वर्षांस १० ते १३, यात दिवसाची झोप धरली आहे. शाळेतील मुलांस ९ ते १२ तास हवेत, असे अमेरिकन निद्रातज्ज्ञांनी २०१६ साली ठरविले. हे आकडे उपयोगी आहेत, पण त्यांचाही इतिहास आहे. १८९७ पासून २००९ पर्यंत तज्ज्ञांनी मुलांस किती झोप हवी म्हणून सांगितले व मुले प्रत्यक्ष किती झोपत होती, याची तुलना ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली केली. तज्ज्ञांचा आकडा दरवर्षी पाऊण मिनिटाच्या आतबाहेर घटत गेला. मुलांची झोपही घटली. परंतु कोणत्याही काळी मुले, तज्ज्ञांच्या म्हणण्यापेक्षा सरासरी सदतीस मिनिटे कमीच झोपत होती! आणि प्रत्येक पिढीने दोष मात्र आपापल्या नव्या वस्तूस दिला. आमच्या घरांतील मोबाइलच्या पडद्यास जो दोष आज दिला जातो, तोच एके काळी रेडिओला दिला गेला होता. यावरून तो पडदा निर्दोष ठरतो असे नव्हे. निजताना तो दूर ठेवावा हेच बरे. परंतु ‘आजकालची मुले झोपत नाहीत’ हे वाक्य मुलांच्या पणजोबांविषयीही उच्चारले गेले होते, एवढे ध्यानात असावे.

या सर्व इतिहासाचे सार आम्ही तीन प्रश्नांत सांगतो. मुलाच्या झोपेविषयी कोणी कोणताही उपदेश केला, मग तो आजीने केलेला असो की परदेशी ग्रंथाने, तर प्रथम पाहावे की यात सोय कोणाची आहे. थोरांची सोय हे पाप नव्हे. दमलेल्या आईस विश्रांती मिळणे हेही मुलाच्या हिताचेच आहे. परंतु ती सोय मुलाच्या पोटात औषध घालून किंवा त्याच्या मनात भीती घालून साधू नये. दुसरे, हा उपदेश केवळ पटण्यासारखा आहे की कोणी मोजून पाहिला आहे. आणि तिसरे, तो चुकल्यास किंमत कोण देणार. जेथे किंमत रात्रीच्या जागरणाएवढी आहे तेथे आपल्या मनाप्रमाणे वागावे. जेथे ती प्राणाएवढी आहे, जसे अर्भकास उताणे, मोकळ्या व सपाट बिछान्यावर निजविणे, तेथे रूढी, हौस आणि तर्क ही तिन्ही बाजूस ठेवून मोजलेल्या पुराव्यास मान द्यावा. घोरणारे, झोपेत गुदमरणारे, दिवसा पेंगणारे मूल डॉक्टरांस दाखवावे, मास्तरांच्या हवाली करू नये.

मुलास आपली झोप शब्दांनी मागता येत नाही आणि आपल्या झोपेविषयी साक्षही देता येत नाही. त्याच्या वतीने इतकी शतके इतरेच बोलत आले, आणि त्यांत बहुधा त्यांनी स्वतःचेच म्हणणे मांडले. यापुढे आपण निदान बोलण्याआधी थोडा वेळ त्या निजलेल्या मुलाकडे नीट पाहिले, तरी पुष्कळ झाले.